पुढची चटई

सन एकोणनव्वद. मी चाळीस वर्षांचा. डोकमर्डी गावात साहेबाच्या घरी रविवारची प्रार्थना चालायची. माझी बायको मार्था नेहमीसारखी पुढच्या चटईवर बसली. गाणं तीच धरायची. तिचे डोळे जाऊन दोन वर्षं झाली होती.

साहेब सगळ्यांसमोर मला म्हणाला, "हिला मागं बसव. नवीन माणसं येतात. आंधळी पुढं बसून गाते, लोक म्हणतील, प्रभूनं हिला काय दिलं?"

"जाते मी मागं," मार्थाच म्हणाली.

मी तिला चपलांच्या ढिगाजवळ नेऊन बसवलं. या हातांनी. ते अजून सलतं.

धाग्याच्या कारखान्यातही तोच माझा साहेब. मी यंत्रावरचे भरलेले बॉबिन काढणारा, तिसरी शिकलेला. त्यानं सांगितलं, मी केलं.

आमच्यात रीत अशी, ज्याची प्रार्थना देवानं ऐकली त्यानं उभं राहून साक्ष द्यायची. दर रविवारी साहेब उभा. पोरीचा ताप उतरला. क्वार्टर मिळालं. त्या दिवशी बायकोचा हरवलेला हार सापडल्याची साक्ष. सगळे म्हणाले, आमेन.

हार. पिठाच्या डब्यात सापडला म्हणे. अन् माझ्या बाईचे डोळे?

जळत होतो मी. खोटं कशाला लिहू. दोन वर्षं उपास केले, गुडघे सोलले. शेवटी अशीही प्रार्थना केली की बापा, साहेबाची एक तरी नाकार. तीही ऐकली नाही.

"आणखी कुणाची साक्ष?" साहेबानं विचारलं.

मी उभा राहिलो.

"बस रे. तुला काय मिळालं?"

"काही नाही. दोन वर्षं मागतोय, काही नाही. तरी येतोय. हीच साक्ष. म्हणा आमेन."

मागून, चपलांजवळून, एकटी मार्था म्हणाली, "आमेन."

"विश्वास कमी पडतो तुझा," साहेब म्हणाला.

"साहेब, तुम्हाला दर आठवड्याला मिळतं. मी बिनपगारी येतो."

तिचा हात धरला अन् गलोंड्याला आमच्या खोलीवर आलो. त्या घराची पायरी पुन्हा चढलो नाही. प्रभूला मात्र सोडलं नाही. तो काय साहेबाच्या क्वार्टरात राहतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या पाळीआधी, खोलीसमोर रस्त्याला लागून चटई टाकली. साहेबाची स्कूटर कारखान्यात तिथूनच जायची. मार्थाला पुढं बसवलं. स्वतः मागं बसलो.

"धर गाणं."

तिनं धरलं. स्कूटर आली, हळू झाली. मी डोळे मिटले नाहीत. साहेबाकडं बघत तीच मागणी पुन्हा केली, मोठ्यानं.

"प्रभू, हिचे डोळे दे."