लॅपटॉपच्या कपाळावरचे कुंकू

गेल्या खंडेनवमीला मी लॅपटॉपची पूजा केली आणि लॅपटॉप आंधळा झाला.

ईरा, निहार, तुमच्या आईने तुम्हाला ही हकिगत "आजीने मामीचा कॉम्प्युटर बिघडवला" अशी एका वाक्यात सांगितली, असे परवा तुमच्या बोलण्यातून कळले. हे चूक आहे. काहीही बिघडले नव्हते. प्रत्येक वस्तू जागच्या जागी होती, स्वच्छ होती आणि तिच्यावर फूल होते. तुमची आई मेलबर्नमध्ये बसून हसते. मी पिंपळे गुरवमध्ये प्रत्यक्ष हजर होते. तेव्हा नीट, क्रमाने सांगते.

तुमची मंजूमामी चाकणच्या ज्या कंपनीत आहे, तिथे ती सुटे भाग तपासते. माप बरोबर असेल तर भाग पुढे जातो, नसेल तर परत. काम चोख, पण पदवी नाही. ऑफिसात वरची एक जागा रिकामी होणार होती आणि साहेबांनी स्पष्ट सांगितले होते, "मॅडम, निदान डिग्रीचं पहिलं सत्र पास झाल्याचं दाखवा, तुमचं नाव पुढे पाठवतो." म्हणून तिने ऑनलाइन कॉलेजात नाव घातले. बाकीचे पेपर चांगले गेले. उरला होता एकच, संगणक आणि इंटरनेट यांतल्या मूलभूत संज्ञांचा. तो बुडाला तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, आणि तोपर्यंत त्या खुर्चीत दुसरे कोणी बसलेले.

पेपर इंग्रजीत होता. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे अभ्यासाची सूत्रे आपोआप माझ्याकडे आली. (मामीचे म्हणणे, मी ती ओढून घेतली.) ती पोळ्या लाटत असताना मी ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसायची.

"ब्राउझर म्हणजे काय?"

"ज्यातून आपण वेबसाइट बघतो ते."

"पूर्ण वाक्यात, मंजुषा. इंग्रजीत."

"आई, पोळी करपतेय."

"करपू दे. राउटर?"

पंधरवड्यात मला सगळा धडा तोंडपाठ झाला. टॅब, सर्व्हर, लिंक, अपलोड, लॉग इन, लॉग आउट. कोणी झोपेतून उठवून विचारले असते तरी मी स्वल्पविरामासकट व्याख्या सांगितली असती. वेबकॅम म्हणजे हलते चित्र टिपून इंटरनेटवरून पाठवणारा, संगणकाला जोडलेला कॅमेरा, हेही मला येत होते. तो दिसतो कसा आणि असतो कुठे, हे धड्यात दिलेले नव्हते. लग्नात तिवईवर ठेवतात तसा काहीतरी असेल आणि परीक्षेच्या दिवशी मामी तो कपाटातून काढेल, असा माझा समज होता.

आता परीक्षेची तारीख. कॉलेज दुसऱ्या राज्यातले, त्यांना आपल्या सणांशी काय घेणे. त्यांनी पेपर ठेवला नेमका खंडेनवमीला, सकाळी अकरा वाजता. तुम्ही तिकडे ही पूजा पाहिलेली नाही म्हणून सांगते: दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्या भागात सगळ्या कारखान्यांत यंत्रे धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे हार घालतात. तुमचे आजोबा आयुष्यभर पिंपरीत लेथवर काम करून निवृत्त झाले. आता लेथ नाही, म्हणून घरातली दिसतील ती यंत्रे पुजतात. मिक्सर, शिलाई मशीन, वॉशिंग मशीन, स्कूटर. त्याआधीच्या वर्षी माझ्या रक्तदाबाच्या यंत्रालाही हार होता. आणि त्यांचे दोन नियम आहेत. पूजेआधी यंत्राची वीज मुळातून बंद करायची. आणि पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्या यंत्राला हात लावायचा नाही.

त्या सकाळी मामी शेवटची उजळणी करायला गच्चीवर गेली होती. संदीपमामा कंपनीतल्या पूजेला गेला होता. घरात आम्ही तिघे: मी, आजोबा आणि निघोज्याहून सणाला आलेली आजोबांची थोरली बहीण, आपली आक्का.

चौरंगावर मिक्सर मांडलेला पाहून आक्का म्हणाली, "शालिनी, सून ज्याच्यावर शिकती त्ये कुठाय? त्येची पूजा आदी पायजे."

मला ते पटले. मी मामीच्या खोलीतून लॅपटॉप उचलून आणला. उघडला, तर वरती डझनभर टॅब उघडे. मला पसारा बघवत नाही. मी एकेक करून सगळे बंद केले. एका पानावर मामीचे नाव आणि खाली 'लॉग आउट' असे दिसले, तेही केले, कारण काम संपल्यावर लॉग आउट करावे असे धड्यात स्पष्ट लिहिले होते. (काम सुरूच व्हायचे आहे, ही शक्यता धड्याने विचारात घेतली नव्हती.) दरम्यान आजोबांनी खोलीत जाऊन टेबलाखालच्या राउटरचे बटण बंद केले आणि त्याच्यावर एक झेंडू ठेवला.

मग पूजा. कुंकू लावायचे ते कपाळाला. मिटलेल्या लॅपटॉपला कपाळ कुठले, म्हणून झाकण उभेच ठेवले. वरच्या पट्टीवर बरोबर मध्यभागी एक बारीकसा गोल ठिपका होता. कंपनीने जणू जागा आखूनच दिली होती. मी आधी हळद लावली. ती गळून पडू नये म्हणून पाण्याचा थेंब घेतला. त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. इतका सुबक टिळा माझ्या हातून क्वचितच लागला असेल.

साडेदहाला मामी खाली आली आणि चौरंगापाशी थबकली.

"आई, हे काय आहे?"

"तुझ्या परीक्षेसाठीच केलंय. नमस्कार कर आणि पेपरला बस."

"पेपरला कशी बसू? लॅपटॉप इथं आहे." तिने तो उचलायला हात पुढे केला, तर आजोबा मध्ये उभे.

"आज हात लावायचा नाही, मंजू."

"अण्णा, अर्ध्या तासात पेपर आहे."

"मी नोकरीत कधी खंडेनवमीला पूजेनंतर मशीन चालवलं नाही. ओव्हरटाइम देत होते तरी नाही."

"तुमच्या मशीनला सव्वाअकरानंतर दार बंद होत होतं का? या परीक्षेला होतं. मग मी सहा महिने घरी बसून फुलं वाहू का?"

आजोबा बाजूला झाले नाहीत. मामीचे डोळे भरून आले. ती रडणारी बाई नाही; कंपनीत ती रागावली की माणसे वाट बदलतात म्हणे. तिला तसे पाहून मी बोलणार, तेवढ्यात आक्काने चौरंगाशी फतकल मारली.

"उत्तरपूजा करा की. दीड दिसाचा गणपती न्हाई का उठीवत? ह्यो दीड तासाचा लॅपटॉप. टाक अक्षता, जरा हलीव, झालं."

आजोबांनी थोरल्या बहिणीचा शब्द आजवर मोडलेला नाही. त्यांनी अक्षता टाकल्या, लॅपटॉप बोटभर उत्तरेला सरकवला आणि म्हणाले, "ने."

मामी तो घेऊन पळाली. मागोमाग आरोळी आली, "नेट कुठं गेलं?"

आम्ही सगळे खोलीत. मी राउटरची व्याख्या सांगितली, तिचा काही उपयोग झाला नाही. आजोबांनी मामाच्या विभागातल्या फोनवर फोन लावला, कारण मामाचा मोबाइल कामावर असताना लॉकरमध्ये असतो. बऱ्याच वेळाने मामा फोनवर आला.

"अण्णा, बटण चालू आहे का बघा."

आजोबांनी क्षणभर छताकडे पाहिले. मग टेबलाखाली वाकले, फोन तिथेच वायरींच्या पेटीवर ठेवला, झेंडू उचलला आणि बटण दाबले. दिवे एकेक करून सावकाश लागले. "जेवणाच्या सुट्टीत परत फोन करतो," असे फोनमधून मामा म्हणाला, तेव्हा कोणाचेच तिकडे लक्ष नव्हते.

मामीने पान शोधले, पुन्हा लॉग इन केले. पासवर्ड तिला पाठ होता, हे आमचे त्या दिवशीचे एकमेव भाग्य. अकरा वाजून गेले होते. लॅपटॉपमधून पर्यवेक्षक मुलीचा आवाज आला.

"मॅम, आपका व्हिडिओ पूरा लाल आ रहा है."

मामीने वळून माझ्याकडे पाहिले. त्या नजरेसमोर मला वेबकॅम कुठे असतो ते समजले.

मी पुढे झाले आणि ओल्या पदराने टिळा पुसला. कुंकू निघाले. हळद निघाली नाही, ती पसरली.

"अब पीला आ रहा है, मॅम."

इथे मला वाटले की शिकलेल्या माणसाने परिस्थिती स्पष्ट करणे भाग आहे. मी वाकून लॅपटॉपसमोर तोंड नेले आणि माझ्या उत्तम इंग्रजीत खंडेनवमीचे महत्त्व, यंत्रांविषयीची कृतज्ञता आणि आजचा प्रसंग असे सर्व थोडक्यात सांगितले. मुलीने शांतपणे ऐकून घेतले.

"मॅम, कमरे में दूसरा व्यक्ति है. यह पहली वॉर्निंग है. तीन होने पर एक्झाम कॅन्सल."

मी बाहेर आले. आत आक्का निघाली होती, हातात खोबरेल तेलाची वाटी. "हळद तेलानं निघती, माजं ऐक," म्हणत तिने बोट बुडवून थेट त्या ठिपक्यावर फिरवले आणि वर पदराने घासून काढले. हळद खरेच निघाली. चित्र स्वच्छ झाले. त्या स्वच्छ चित्रात सर्वांत पहिल्यांदा आक्काचा चेहरा दिसला.

"दूसरी वॉर्निंग, मॅम."

"मी काय कॉपी पुरवती का गं?" आक्का जाता जाता पडद्याला म्हणाली.

दार लोटले. मामीचा पेपर सुरू झाला. आम्ही तिघे बाहेर श्वास रोखून बसलो. घरात कमालीची शिस्त होती. मला बरे वाटू लागले होते, तोच आजोबांनी खिसे चाचपले. एकदा चाचपले, पुन्हा चाचपले.

"अगं, माझा फोन आतच राहिला. टेबलाखाली."

"राहू दे."

"संदीप जेवणाच्या सुट्टीत फोन करणार आहे."

तुमच्या आजोबांच्या फोनची रिंग म्हणजे ढोल-ताशा पथक आहे. परीक्षेच्या खोलीत मोबाइल वाजला की तिसरी वॉर्निंग, आणि मग मामीची खुर्ची गेली. मामाला अडवावे, तर त्याच्या विभागाचा नंबर त्याच फोनमध्ये. त्याचा स्वतःचा मोबाइल लॉकरमध्ये. घड्याळ साडेबाराकडे चालले होते.

"मी जातो," आजोबा म्हणाले. त्यांची उंची तुम्हाला माहीत आहे. ते रांगले तरी दिसतात.

"मी गेली असती," आक्का म्हणाली, "पर त्या पोरीनं माजा चेहरा धरून ठिवलाय."

उरले मी. माझ्या गुडघ्यांना डॉक्टरांनी साधी मांडी घालायची परवानगी दिलेली नाही. शिवाय अंगावर सणाची काठपदराची साडी. मी दार हाताभर उघडले, जमिनीवर ओणवी झाले आणि भिंतीच्या कडेने सरपटत निघाले. मामी पडद्याकडे बघत टाइप करत होती. मी तिच्या पायाशी पोहोचले तेव्हा तिचे पाऊल दचकून वर गेले. पण मान हलली नाही. तपासनीस बाई आहे ती, उगाच नाही. मी टेबलाखाली शिरले, फोन हातात घेतला आणि त्याचे तोंड बंद केले. पाठोपाठ मामाचा फोन आला आणि माझ्या तळहातात मुकाट्याने थरथरून थांबला.

आता परत जायचे. तिथे कळले की गुडघे परत यायला तयार नाहीत. आत येताना त्यांनी सहकार्य केले, ते जणू एका बाजूचेच तिकीट काढून. धडपड केली असती तर टेबल हलले असते. म्हणून मी राउटरला टेकून तिथेच बसले, पदर सावरला, फोन मांडीवर ठेवला. वरती मामी कधी भराभर टाइप करायची, कधी थांबायची. ती थांबली की मला व्याख्या सांगायची इतकी ओढ लागायची की मी पदराचा बोळा दातात धरला. राउटर छान गरम होता. सकाळी लवकर उठलेली, त्यात उपास. त्यानंतरचे मला फारसे आठवत नाही.

मामी पास झाली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ऑफिसातली जागाही तिला मिळाली. पेपरात राउटर, टॅब, लॉग आउट आणि वेबकॅम, चारहींवर प्रश्न होते, आणि चारहींचे प्रात्यक्षिक तिला त्याच सकाळी मी घडवले होते. हे मी तिला सांगून पाहिले. ती चहा ठेवायला आत गेली.

एवढेच सांगायचे राहिले की पेपर संपत आला असताना त्या मुलीने विचारले होते, "मॅम, यह घरघर की आवाज कैसी है?"

"घर में एक पुरानी मशीन है," मामी म्हणाली. "आवाज बहुत करती है. लेकिन उसको बंद करने का बटन नहीं है."

हे मी टेबलाखालून स्वतःच्या कानांनी ऐकले. तेव्हा मी झोपले होते, हा तुमच्या आईचा आरोप साफ खोटा आहे. फक्त मला त्या वेळी पहिला प्रश्न पडला तो असा, की असे कुठले यंत्र पूजेच्या वेळी माझ्या नजरेतून सुटले?