माळेबाहेरची एक प्रार्थना

अंतू गेल्याची बातमी दानियलने आणली. रविवारची सकाळ होती. पण औषधाच्या कारखान्याला रविवार ठाऊक नसतो. फाटकाशेजारच्या टाइम ऑफिसात बसून मी हजेरीची कार्डं लावत होतो. दानियल आमच्याच वस्तीतला, गवंडीकाम करणारा. खिडकीत तोंड घालून म्हणाला, "मास्तर, अंतूदादा कासारवाडीच्या अलीकडं सायकलवरनं पडले." मी खेकसलो, "मग उचल ना त्याला! माझ्या तोंडाकडे काय बघतोस?" माझा स्वभाव हा असा, सरळ बोलेन तर शपथ. दानियलने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला… अंतू खडकीला मिस्सेला निघाला होता. मिस्सा म्हणजे आमची रविवारची उपासना. सायकल रस्त्याच्या कडेला नीट पडलेली, मडगार्डलासुद्धा पोचा नव्हता म्हणे. हृदयच थांबलं होतं.

त्याच्या आधीच्या गुरुवारी आमची शेवटची भेट झाली, आणि ती मला अजून जेवू देत नाही. धर्मशास्त्राचा वर्ग संपवून आम्ही दोघे नळावर हातपाय धूत होतो. अंतू म्हणाला, "फिलिप, लई दिस झालं. आता सांगून टाकू सगुणाबाईला." मी म्हणालो, "ईस्टर होऊन जाऊ दे. सणासुदीच्या तोंडावर नको." तो हसला. "तुझा ईस्टर दरसाल येतुया," म्हणाला आणि पायांवर पाणी ओतत राहिला. काय सांगायचं होतं, ते आता लिहितो. महिना लोटला तरी झोप लागत नाही, म्हणून लिहितो.

अंतू आणि मी दोघेही नगर जिल्ह्यातले, एकाच तालुक्यातले, पण गाठ पडली ती पिंपरीत. कारखान्याच्या भिंती वर येत होत्या आणि जिकडे तिकडे चुन्याचा फुफाटा उडत होता. तो पाण्याच्या लायनीवर फिटर. मी सातवीची फायनल पास, म्हणून कारकून. कॅथलिक घरं आमची मोजून अकरा. फादर खडकीहून महिन्यातून एकदा यायचे आणि मिस्सा म्हणायचे लॅटिनमध्ये. आम्ही गुडघे टेकायचे आणि ओळखीचे सूर आले की मान हलवायची. अंतूला हे पुरेना. "फादर एक दिस येत्यात. बाकी एकोणतीस दिस देवानं कुठं जायचं?" असं म्हणून त्याने आपल्या खोलीत रोज संध्याकाळी जपमाळ सुरू केली आणि गुरुवारी धर्मशास्त्राचा वर्ग. तो चौथी शिकलेला, अक्षरावर बोट ठेवून वाचणारा. म्हणून बायबलातलं शुभवर्तमान मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं आणि मी 'मास्तर' झालो. खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं. पुरुष पुढे सतरंजीवर, बायका दाराशी, आणि मध्ये कंदिलाजवळ मी.

अंतूचं एक खूळ होतं. फादर लांब, दवाखाना त्याहून लांब, तेव्हा मरणाच्या दारातल्या लेकराला बाप्तिस्मा देता आला पाहिजे, असं तो म्हणे. तान्ह्या लेकराला पाण्याने ख्रिस्ताच्या पदरात घालायचा हा आमचा पहिला संस्कार. अडचणीच्या वेळी तो कुणीही देऊ शकतो. तर हा पठ्ठ्या दर गुरुवारी शेवटी पितळेचा लोटा घेऊन उभा राहायचा, घमेल्यात लेकराच्या जागी एक रताळं ठेवायचा आणि त्यावर पाण्याची धार धरायचा. सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "मी तुला पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." दाराशी बसलेल्या बायकांनीसुद्धा! मी एकदा वैतागून म्हणालो, "अरे, बायकांना कशाला हा घोळ?" तो म्हणाला, "बाळातिणीजवळ कोण असतंय फिलिप, तू का मी?" पण रताळ्याला बाप्तिस्मा देणारा भक्त म्हणून मी त्याची कारखानाभर टिंगल केली, हेही कबूल करतो.

तिसऱ्या वर्षी दानियलच्या बायकोला, सगुणाबाईला, मुलगी झाली. पहिलटकरीण. नवव्या दिवशी भर दुपारी दानियल धावत आला. पोरीचा श्वास लागला होता, ओठ निळे पडले होते. मी प्रार्थनेचं पुस्तक घेतलं, अंतूने लोटा घेतला, आणि आम्ही धावलो. सगुणाबाई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर ते एवढंसं गाठोडं. आमच्याकडे नुसती बघत राहिली. अंतूने लोटा सरसावला. तो म्हणाला, "फिलिप, तू म्हण, तुझं शुद्ध हाय." मी पुस्तक उघडून खणखणीत आवाजात ते वाक्य म्हटलं आणि अंतूने पोरीच्या कपाळावर धार धरली. आईला विचारून नाव ठेवलं तेरेजा. घटकाभरात ती गेली. संध्याकाळी तिला आम्ही आमच्या कबरस्थानात, आशीर्वादित जमिनीत पुरलं, लाकडी क्रूस लावला. घरी येताना मला, देव क्षमा करो, आपण एक मोठं काम पार पाडल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही वर्गात प्रश्नोत्तरी वाचायला घेतली. फादरांनीच दिलेलं धर्मशिक्षणाचं पुस्तक, एक प्रश्न, एक उत्तर. मी नेहमीसारखा घोड्यावर बसून वाचत सुटलो होतो. बाप्तिस्म्याच्या पानावर आलो. उत्तरात लिहिलं होतं की जो पाणी ओततो, त्यानेच ते शब्द म्हटले पाहिजेत. एकाने ओतलं आणि दुसऱ्याने म्हटलं तर संस्कार होत नाही. वाचनाच्या वेगात मी पुढच्या प्रश्नावरही गेलो: बाप्तिस्मा दुसऱ्यांदा देता येतो का? नाही, एकदा झालेला पुन्हा देणं हे मोठं पाप. एवढं वाचून मी मान वर केली. अंतूचा चेहरा मडक्यातल्या राखेसारखा झाला होता. मग माझ्या हातातलं पुस्तक जड झालं… दाराशी बसलेली सगुणाबाई त्याच वेळी उठून बाहेर निघून गेली. मला वाटलं, बाप्तिस्म्याचं नाव निघालं, लेकराची आठवण झाली असेल.

चूक कुणाची म्हणायची? आपल्या मुलखात मंत्र एक जण म्हणतो आणि पाणी दुसरा सोडतो. पिढ्यान् पिढ्या हेच बघितलेलं. भटजीने म्हणायचं, यजमानाने पळीने उदक सोडायचं. गळ्यात क्रूस आला तरी हाताची सवय थोडीच बदलते! त्यातून अंतूच्या त्या रताळ्याच्या वर्गातही तो ओतायचा आणि आम्ही म्हणायचो. पण ही अक्कल मला आता सुचते आहे. त्या दिवशी नळावर अंतूने एवढंच विचारलं, "म्हंजी पोर तशीच गेली?"

बाप्तिस्म्याविना गेलेल्या लेकराला देवाचं दर्शन होत नाही, अशी आमची शिकवण. आशीर्वादित जमिनीतही त्याला पुरत नाहीत, कुंपणाबाहेर पुरतात. अंतू म्हणाला, "तिच्या आईला सांगाया पायजे." मी त्याचा दंडच धरला. "वेडा आहेस का? त्या बाईने रोज संध्याकाळी कुणाच्या आधारावर माळ धरायची? झाकली मूठ सव्वा लाखाची. तोंड बंद ठेव." मी हे तिच्या काळजीने म्हणालो, असं तेव्हा स्वतःला सांगत होतो. निम्मं खरं होतं. उरलेल्या निम्म्यात माझी मास्तरकी होती.

अंतू दुसऱ्याच रविवारी सायकल हाणत खडकीला गेला आणि फादरांपुढे मन मोकळं करून आला. फादर परदेशी, पण मराठी नगरी. म्हणाले, "अंतोन, देव काय कोर्टातला कारकून हाय, एका सहीसाठी लेकराला परत पाठवायला?" मला हायसं वाटलं. कारकुनाचा टोला मला बसला तरी हायसं वाटलं. अंतूला मात्र नाही. म्हणाला, "फादरांनी समजूत घातली रे. समजूत निराळी, खात्री निराळी."

त्या संध्याकाळपासून ती एक जास्तीची प्रार्थना सुरू झाली. जपमाळ म्हणजे मण्यांवर मोजून म्हणायच्या 'नमो मरिये' या प्रार्थना. कुठे सुरू करायची, कुठे थांबायची, सगळं ठरलेलं. माळ संपली, सगळ्यांनी क्रूसाची खूण केली की अंतू म्हणायचा, "आनिक एक राहिली." मणी नसलेली एक. कुणी विचारलं तर म्हणे, "आसंच. कुनाची तरी ऱ्हायली आसंल." लोकांना ते त्याचं आणखी एक खूळ वाटलं. सगळ्यांत मोठ्याने ती एक म्हणायची सगुणाबाई, आणि मी जमिनीकडे बघत राहायचो. चार वर्षं हे चाललं. कबरस्थानात गेला की अंतू त्या लहानग्या क्रूसाभोवतीचं गवत उपटायचा, पण प्रार्थना करायची तर कुंपणाबाहेर येऊन करायचा. पोरगी नेमकी कुठल्या बाजूची, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

अंतूला माती दिली, त्यानंतर सातव्या दिवशी त्याच्याच खोलीत जपमाळ ठेवली होती. पुढे बसायचं मला सांगितलं. लोटा खुंटीला टांगलेला, सायकल भिंतीला टेकलेली. माळ संपली. क्रूसाची खूण केली. आणि मी उठलोच… 'आनिक एक राहिली' हे तीन शब्द टाळून. दाराशी बसलेली सगुणाबाई म्हणाली, "मास्तर, एक राहिली."

मी ती कशी म्हटली, मला ठाऊक नाही. लोक पांगल्यावर मी तिला अंगणात थांबवलं, दानियललाही हाक मारली आणि सगळं सांगून टाकलं. पाणी कुणी ओतलं, शब्द कुणी म्हटले, पुस्तकात काय होतं, अंतूला बोलू कुणी दिलं नाही. वाटलं, आता ही बाई माझ्या तोंडावर थुंकेल. थुंकली असती तर बरं झालं असतं.

ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून म्हणाली, "मास्तर, ह्ये तुमाला बोलवाया गेले आन् पोरीनं डोळं फिरवलं. मी घाबरले. माठातलं पानी वंजळीत घेतलं, तिच्या कपाळावर वतलं आन् म्हनले… अंतूदादांनी घोकून घेतलं हुतं त्येच. पित्याच्या आन् पुत्राच्या. तेरेजा नाव बी मीच ठिवलं हुतं. तुमी इचारलंत तवा त्येच सांगितलं."

मी म्हणालो, "मग बोलली का नाहीस गं बाई?"

"काय बोलू? तुमी दोगं पुस्तक घिऊन आलात. म्या म्हनलं, शिकल्याली मानसं, आपलं वंजळीतलं पानी काय खरं? ह्यांचं पक्कं व्हईल." आणि पुढे म्हणाली, "आन् मग तुमीच वाचलंत, दुसऱ्यांदा देनं पाप हाय म्हून. मला वाटलं, माज्यापाई लेकराला दोनदा दिला, पाप लागलं. ह्यांनाबी बोलले न्हाई. अंतूदादा ती एक म्हनायचे, मला वाटायचं, देवानंच त्येंच्या तोंडात घातली… मी आपली पोरीसाठी म्हनायची."

दानियल भिंतीकडे तोंड करून रडत होता. मी तिला सांगितलं, पाप नाही, काहीच पाप नाही. तुझंच तेवढं खरं होतं, आमचं खोटं होतं. तिने एकदाच विचारलं, "आन् अंतूदादांना ठावं न्हवतं?" मी मान हलवली. नव्हतं.

हे छापायला द्यायच्या आधी मी दोघांना वाचून दाखवलं. सगुणाबाई म्हणाली, "लिवा." तिच्या परवानगीनेच आपल्यासमोर ठेवतो आहे. माझ्या मनाला मात्र यातून सुटका नाही. अंतूने दाराशी बसलेल्या बायकांकडून जे घोकून घेतलं, त्यानेच ती पोर तरली, आणि तो माणूस चार वर्षं तिच्यासाठी कुंपणाबाहेर उभा राहून मेला. मी त्याला एकदा तोंड उघडू दिलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. सात वर्षं मी त्या वर्गात वाचलं. प्रत्येक गुरुवारी पुस्तक मिटताना सतरंजीकडे बघून विचारलं, "कुणाची काही शंका?" दाराकडे बघून एकदाही विचारलं नाही.

आता विचारतो. पहिले दोन गुरुवार कुणी बोललं नाही. परवा एका म्हातारीने काहीतरी विचारलं, मला त्याचं उत्तर आलं नाही, आणि तसं मी सांगितलं. मग लोटा खुंटीवरून काढला. तो आता सगुणाबाईच्या हातात असतो. तीच ओतते आणि तीच म्हणते. रताळं मात्र मी घरून नेतो. जपमाळ झाली, क्रूसाची खूण झाली की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मी म्हणतो, "एक राहिली." आणि आम्ही ती अंतूसाठी म्हणतो; कबरस्थानात गेलो की तीच पुन्हा, कुंपणाच्या आतून.