उंच फळीवरची बरणी

पेज शेगडीवर होती आणि दारात ओळखीचा रिक्षावाला येऊन उभा राहिला. “ताई, दादा जेटीवर बाकावर बसलेत... हाक मारली, तर उठत नायत.” मी त्याच्यावरच खेकसले, “बसला असेल दम खात!” पण पेज तशीच उतरवून ठेवली. कळायचं ते मला तेव्हाच कळलं होतं.

दादा माझा थोरला भाऊ. मी लग्न केलं नाही, त्याची मुलगी मुंबईला. वहिनी गेल्यावर रत्नागिरीच्या या घरात आम्ही दोघंच उरलो. आमच्या घराण्यात जमीन कमी आणि हृदयविकार भरपूर, असं तो म्हणायचा. बाबा पन्नाशी उलटताच गेले, काका त्याच्याही आधी. म्हणून पन्नाशी आल्यावर दादाने काय करावं? कोट चढवून स्टुडिओत गेला आणि भिंतीवर लावायचा फोटो काढून आणला! “ऐन वेळी तुम्ही कुठल्यातरी लग्नातला फोटो कापून लावाल,” म्हणाला. वहिनीने त्याच्याशी बोलणं टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातून आलंय ते मला काढता येणार नाही, पण तंबाखू, मीठ आणि बसून राहणं तरी सोडा. खरं तर तेही आम्हाला घरातूनच मिळालं होतं. सकाळच्या पेजेत मूठभर मीठ, सोबत खारा बांगडा, वर बाबांच्या मांडीवर बसून पाहिलेली तंबाखूची चंची... यातलं रक्त परत करता येत नव्हतं, बाकीचं येत होतं. दादाने ते केलं.

तंबाखू सुटली. भर पावसातही छत्री घेऊन तो जेटीपर्यंत चालत जाऊ लागला. आणि मला बीपी निघाल्यावर त्याने माझ्यावर पहारा बसवला. रोज फिरायला निघताना मिठाची बरणी उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायचा. तो ताडमाड, मी आईसारखी बुटकी.

“अरे, चव म्हणून काही असते की नाही?”

“बायो, उंची आईची घेतलीस, पण काळीज बाबांचंच आहे गो तुझं. खा अळणी.”

तो वळणाआड गेला, की मी स्टूल ओढायचे, चिमूटभर काढायचे आणि बरणी होती तशी ठेवायचे. त्याला ठाऊक होतं. स्टुलावरची धूळ पुसलेली पाहून तो नुसता हसायचा.

भेटायला आलेले लोक म्हणाले, “एवढं चालले, एवढं पथ्य केलं, शेवटी हार्टनेच गेले ना!” मला असा संताप आला, की चहा न विचारताच वाटेला लावलं त्यांना. मग शेजारची नवी सून आली. कपाटातून काढून भिंतीवर लावलेल्या त्या फोटोकडे पाहून म्हणाली, “हे कोण, दादांचा मुलगा का?” काळे केस, भरलेले गाल... दादाच तो, पन्नाशीतला. त्या फोटोतल्या माणसाला मरणाची तयारी करायची होती. त्यानंतर पांढरे झालेले केस, नातीच्या बारशाला जेवलेली पंगत, माझ्याशी घातलेले वाद, हे सगळं त्याने चालून चालून मिळवलं होतं. काळीज घराण्याचं होतं, ही वर्षं त्याची होती.

आता पहाटे जाग येते ती त्याच्या चपलांच्या आवाजासाठी. आवाज येत नाही. दिवसभरात माझा आवाज मलाही ऐकू येत नाही, इतकं घर रिकामं आहे. फार एकटं वाटतं, हे लिहायला लाज कसली?

बरणी अजून वरच आहे. त्या सकाळी त्याने ठेवली तिथेच. स्टूल कोपऱ्यात आहे आणि आता कुणी वळणाआड जायची वाट बघावी लागत नाही. तरी मी पेज अळणीच खाते. बरणी एकदा खाली काढली, की परत ठेवताना ती मी ठेवलेली होईल.