ठमाबाईंनी शिवलेलं पोट

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी शरीररचना शिकवते, आणि दरवर्षी एकाच गोष्टीनं माझं डोकं फिरतं. यकृत कुठे असतं विचारलं की पोरी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करतात, स्वतःच्या अंगाकडे नाही. म्हणून एक कापडी एप्रन करून घ्यायचं ठरवलं. पोरींनी तो अंगावर बांधायचा; त्यावर फुप्फुसं, जठर, आतडी, सगळं खऱ्या मापाचं आणि काढता-लावता येणारं. बारामतीतल्या शिंप्यांनी माझ्याकडे नीट एकदा बघितलं आणि हात जोडले. मग वर्गातली उत्कर्षा म्हणाली की तिची आत्या काटेवाडीला गोधड्या शिवते, तिला विचारू.

अशी मी ठमाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले. जानेवारीचे दिवस होते. समोर उसाला तुरे आले होते, आणि वारा आला की सगळं रान सावकाश एका अंगाला कलायचं. बघता बघता डोळे जड व्हायचे. ठमाबाई बोलायच्याही तशाच, अर्ध्या झोपेत असल्यासारख्या. टाका मात्र एक वाकडा जायचा नाही.

यकृत त्यांनी पहिल्या झटक्यात बरोबर केलं, जुन्या मखमली खणाचं. "बोकडाचं बघितलंय की," म्हणाल्या. लहान-मोठं आतडं मिळून साडेसात मीटर गुलाबी सॅटिन लागेल, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी ते हातानं मोजून पाहिलं आणि आपलं नऊवारी लुगडं याहून जरासंच लांब, हे त्यांना फार आवडलं. एक लुगडं अंगावर, एक पोटात.

त्या लुगड्यावरून पोटाला एक सुती पट्टी करकचून बांधलेली असायची. कंबर दुखत असेल, असं मला वाटलं. परतताना उत्कर्षानं सांगितलं ते वेगळंच होतं. एकोणीस वर्षांपूर्वी आत्याची गर्भाची पिशवी काढली. दवाखान्यातून घरी आल्यावर सासूनं बजावलं, आता तू आतून पोकळ झालीस, जपून राहा, नाहीतर वरचं सगळं खाली येईल. तेव्हापासून ही पट्टी. कळशी उचलायची नाही, मोठ्यानं हसायचं नाही. दोन वर्षांची नात हात वर करून समोर उभी राहिली, की तिच्या हातात बिस्किट द्यायचं. कडेवर कधीच घ्यायचं नाही.

मी त्याच दिवशी परत फिरायला हवं होतं. फिरले नाही. तोंडी सांगून त्यांना पटणार नाही, अशी मी माझी समजूत घातली; खरं म्हणजे माझा जीव एप्रनमध्ये अडकला होता.

पुढच्या वेळी त्यांनी आपणहून एक स्वप्न सांगितलं. "सपनात मी माझ्याच पोटात जाती, बाई. मोठी खोली हाय. आत काय बी न्हाय. हाक मारली की माघारी येती." सांगताना त्या सुईत दोरा ओवत होत्या. मी पुन्हा मापांवरच बोलले.

शेवटी गर्भाशय राहिलं. ठमाबाईंनी ते शिवून माझ्यापुढे ठेवलं, आणि ते चांगलं घागरीएवढं होतं. दोन लेकरं नऊ-नऊ महिने राहिली, तर जागा एवढी नको का, असा त्यांचा सरळ हिशेब. मी पर्समधून कागदाचा नमुना काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"एवढुशी?"

"एवढीच. मूल वाढतं तशी वाढते, मग परत एवढीच होते."

त्यांनी मूठ मिटली, उघडली. मग लाल फडक्याचं तेवढंच नवं शिवलं. तासभर लागला. मी एप्रन त्यांनाच सुतळीनं बांधला, सगळे अवयव जागच्या जागी लावले, आणि म्हणाले, आता ही पिशवी तुमच्या हातानं काढा. त्यांनी हात मागे घेतला. नात उंबऱ्यातून बघत होती. मग त्यांनी डोळे मिटले आणि ओढलं. वेलक्रो चर्रकन सुटला, आणि वरचं सॅटिनचं आतडं आपल्या वजनानं हळूच घसरून त्या जागेत जाऊन बसलं.

ठमाबाईंनी डोळे उघडून खाली पाहिलं. तिथं बोट घातलं. बोट शिरेना.

"मग पोकळ?"

"नाही मावशी. त्याच दिवशी भरलं. पोटात रिकामी जागा राहतच नाही."

"मला कुणी सांगितलं न्हाय," त्या म्हणाल्या.

मला भयंकर राग आला. सासूचा नाही, ती बिचारी जे ऐकलं ते बोलली. त्या दवाखान्यात पांढऱ्या कपड्यातली माझ्यासारखीच कुणीतरी त्या खाटेशी उभी असणार. तिला दोन मिनिटं जड झाली, आणि इकडे एका बाईनं एकोणीस वर्षं पोट बांधून काढली. मी तरी कोण मोठी? मला ते सांगायला दोन आठवडे लागले.

आठ दिवसांनी तयार एप्रन आणायला गेले. ठमाबाई अंगणात उभ्या होत्या, नात कडेवर. पोटावर पट्टी नव्हती. एप्रनला मागे बांधायला दोन नाड्या लावल्या होत्या, धुऊन धुऊन विरलेल्या सुती कापडाच्या. मी त्या ओळखल्या.

"मऊ हाय," त्या म्हणाल्या. "पोरींना काचायची न्हाय."

मी विचारलं, ते स्वप्न पडतं का अजून.

"पडलं की परवा. त्याच खोलीत गेले, तर कुणी गुलाबी लुगडी वाळत घातल्याली. इकडून तिकडं नुसती लुगडी. मला म्येलीला शिराया जागा न्हाय."

आणि त्या हसल्या, चांगल्या मोठ्यानं. पोट गदगदा हललं, तशी नात दचकली आणि तिनं आजीच्या गळ्याला मिठी मारली.