झुंबरबाईंचं गाजरगवत

धुळ्याच्या देवपुरातल्या झुंबरबाई एरवी भाजीवाल्याशीही अर्धा तास बोलतील. त्याच बाई शेजारच्या कौतिकनानांपुढे सात महिने गप्प राहिल्या, तेव्हाच कॉलनीने सावध व्हायला हवं होतं.

झालं असं. लेकीने, शिल्पाने, कुलूहून यॅरोची मुळं आणून दिली होती. पिसासारखी पानं, वर बारीक पांढऱ्या फुलांचे सपाट झुबके. धुळ्याचे दोन उन्हाळे त्या झाडांनी अर्ध्या सावलीत, बेताच्या पाण्यावर काढले. मधमाश्या तर सकाळीच हजर. ऑगस्टमध्ये बाई जामनेरला गेल्या आणि इकडे कॉलनीचे अध्यक्ष कौतिकनाना गाजरगवत उपटायच्या मोहिमेवर निघाले. पांढरं फूल दिसलं की उपट! बाई परतल्या तर वाफा चकाचक.

"नाना, ते यॅरो होतं हो!"

"इंग्रजी नाव ठेवलं म्हणून गाजरगवताचा गुलाब होतो का, अक्का?"

जमलेली कॉलनीची कमिटी खो-खो हसली. बाईंनी तिथंच ठरवलं, याच तोंडातून, याच लोकांसमोर ‘ते गाजरगवत नव्हतं’ असं वदवून घ्यायचं.

नाना काही वाया घालवत नाहीत. उपटलेलं सगळं त्यांनी आपल्या खताच्या खड्ड्यात टाकलं, आणि दिवाळीनंतर ते अर्धकच्चं खत गिलक्याच्या मांडवाखाली पसरलं. यॅरोचं मूळ चिवट. बोटभर तुकडाही फुटतो. कुंपणावरून पहिले कोंब बाईंनाच दिसले. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि ब्र काढला नाही.

मार्चमध्ये मांडवाखाली पांढरे झुबके डोलले, मधमाश्या आल्या, आणि दरवर्षी नुसती फुलं गाळणारा वेल गिलक्यांनी लगडला. मधमाश्यांमुळे फळ धरतंय हे पाहून नानांनी त्या झुबक्यांना हात लावला नाही. "मन्हा हातगुण शे!" म्हणत नाना गिलकी वाटत फिरले. बाईंनीही दोन घेतली, भाजी करून खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी अख्खी कमिटी घेऊन नानांच्या मांडवाखाली हजर. हातात खुरपं.

"नाना, हाई काय शे? गाजरगवत ना? उपटू?"

खुरपं मुळाशी टेकलं. नानांनी एकदा गिलक्यांकडे पाहिलं, एकदा लोकांकडे.

"थांबा अक्का! ते... गाजरगवत नही."

"जोरात बोला. मागं उभ्या झुलालआबांना कमी ऐकू येतं."

"गाजरगवत नही शे!"

"मंग मन्हं काबर उपटं? का म्हणून?"

बाईंनी खुरपं त्यांच्या हातात दिलं. भर दुपारी नानांनी अर्धे गड्डे खणले आणि बाईंच्या वाफ्यात हातभर अंतराने लावले. शेवटी घाम पुसत त्यांनी पाणी मागितलं.

"बेताचंच लागतं, नाना," म्हणत बाईंनी आपली खुर्ची सावलीत सरकवली.