तपासणीचा टॉवेल

कानाखालपर्यंत कल्ले ठेवायची फॅशन कर्जतला पोचली, तेव्हाची म्हणजे एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. बाजारतळाजवळच्या सलूनमध्ये मी दर रविवारी दाढीला जायचो. सलूनवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

आरशावर परवान्याची चौकट होती आणि शेजारच्या खुंटीवर पांढराशुभ्र टॉवेल. गिऱ्हाइकांच्या गळ्यात मात्र एकच कळकट फडकं फिरायचं. वस्तऱ्यावरचा फेस तो स्वतःच्या मनगटावर पुसायचा.

एकदा वैतागून मी तो टॉवेल मागितला. त्याचा वस्तरा माझ्या हनुवटीवरच थांबला.

"गुरुजी, त्यो तपासनीचा हाय. तुमी मळवला तर लायसन जाईल माजं!"

स्वच्छ टॉवेल ठेवावा, असाच नियम होता. तो वापरावा, असं कुठं लिहिलं होतं?

माझी दाढी उरकते तोच आरोग्य निरीक्षक आले. त्यांनी टॉवेल उलटसुलट केला, हुंगला, वहीत 'स्वच्छता समाधानकारक' लिहिलं आणि कल्ले कोरून घ्यायला खुर्चीत बसले. साहेबांचा मान राखायला म्हणून त्याने खुंटीकडे हात नेला.

साहेब दचकले. "अहो, तो राहू द्या! पुढच्या खेपेला मी तपासू काय?"