जीपला पॉवर ब्रेक बसले, पण आबांचा पाय जुनाच

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

आमच्या जुन्या जीपला मलकापुरात पॉवर ब्रेक बसवून घेतले. आधीचा ब्रेक अक्षरशः उभं राहून दाबावा लागायचा, हा नुसता पाय टेकवला तरी लागतो. आज वडील, म्हणजे आबा, हट्टानं चालवायला बसले. म्हटलं, "आबा, पाय हळू ठेवा."

"मला शिकवतो व्हय रं?"

पुढं म्हैस आडवी आली. आबांनी सवयीनं सगळा जोर लावला. जीप जाग्यावर थांबली! मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर शेतात घातला म्हणून वाचलो.

आबा हसले. "ब्रेक लय भारी हाय. उद्या तुझ्या आईला घेऊन फलटणला जातो."

किल्ली माझ्या खिशात आहे. आबा घरभर शोधतायत.

तुम्ही असता तर दिली असती?